सासूच्या नावाची खुर्ची

१

उन्हाळ्यात ऊन कलून भिंतींवर चढलं, की इटलीतल्या किउसी गावातल्या त्या गल्लीत घराघरातून खुर्च्या बाहेर येत. सगळ्या साधारण एकाच घाटाच्या, पेंढ्याची दोरी वळून विणलेल्या बैठकीच्या. पण बसून बसून बैठक माणसाच्या अंगाची होऊन जाते. दुसऱ्याच्या खुर्चीत बसू नये असं कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, पण कुणी बसतही नव्हतं. माणूस गेलं, की त्याची खुर्ची तळघरात जाई आणि तिथेच राही. ती मोडायची नाही, कुणाला द्यायची नाही, एवढंच.

फिओरेल्लाची जागा दाराच्या डाव्या हाताला. तिथून वरची कमान, खालचा नळ आणि समोरच्या एलिदेचं स्वयंपाकघर अशी तिन्ही ठिकाणं मान न वळवता दिसत. कुणी चोंबडी म्हटलं तर ती वाईट वाटून घेत नसे. "मी बघते म्हणून तर तुझं दूध उतू जात नाही," असं वर सुनवायची. आणि ते खरंच होतं. गल्लीत कुणी दोन दिवस दिसलं नाही, तर वाटीभर रस्सा घेऊन पहिली तीच जायची.

त्या वर्षी तिचा जीव अडकला होता गल्लीच्या टोकाच्या जुन्या तबेल्यात. तिथे ओरेत्ता नावाची एक मुलगी मूर्ती घडवत होती. आजी इथलीच, शिक्षण मिलानचं. तिने खिडक्यांना आतून कागद चिकटवले होते. फिओरेल्ला वसंतभर केक, अंडी, घरचं तेल असं काहीबाही घेऊन दार वाजवत राहिली. ओरेत्ता दारातच घ्यायची, गोड हसायची आणि दार लावून घ्यायची. म्हणून जूनमध्ये एका संध्याकाळी ती आपण होऊन खुर्च्यांच्या घोळक्यात येऊन उभी राहिली, तेव्हा फिओरेल्ला शेंगा सोलायच्या थांबली.

"आपल्या म्युझियममधले ते घट आठवतात ना?" ओरेत्ता म्हणाली. "इथल्या प्राचीन एट्रस्कन लोकांचे. पोटात राख, झाकण म्हणून माणसाचं डोकं, आणि खुर्चीत बसवलेले."

"आठवतात की. शाळेतून नेलं होतं. बाई म्हणाल्या हात लावू नका, म्हणून मी लावला," फिओरेल्ला म्हणाली.

"तसेच मी केलेत. रिकामे. मला ते या गल्लीत मांडायचेत, दारादाराशी. पण खुर्च्या तुमच्या हव्यात. तुमच्या घरातल्या गेलेल्या माणसांच्या. उन्हाळाभर तेही हवा खायला बसतील."

मग एलिदेने डोळे पुसले आणि ती उठलीच. आईची खुर्ची तिने तळघरातून अशी आणली, जसं काही आईलाच हाताला धरून आणतेय. मग एकेक करून सगळेच उठले.

फिओरेल्ला उठली नाही. तिच्या सासूच्या खुर्चीला वाळवी लागली होती, आणि मागच्या कडाक्याच्या थंडीत लाकडं संपली तेव्हा तिने ती तोडून शेगडीत घातली होती. नवऱ्याला, ईवोलाही, सांगितलं नव्हतं.

"का गं, तुझ्या सासूची कुठाय?" एलिदे म्हणाली. "की जिवंतपणी छळलीस तशी मेल्यावर विकलीस?"

सगळे हसले. फिओरेल्लाचे कान तापले. ती आत गेली, ईवोची खुर्ची भिंतीशी उभी होती ती उचलली आणि बाहेर आणून ठेवली. "ही काय!"

"ईवोच्या खुर्चीसारखी दिसतेय गं."

"मायलेकांच्याच ना? एकाच सुताराच्या हातच्या."

रात्री जेवताना तिने ईवोला सगळं सांगितलं. शेगडीचंसुद्धा. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"म्हणजे आईला जाळलंस आणि तिच्या जागी मला बसवलंस! वा रे सूनबाई."

दुसऱ्या संध्याकाळपासून तो प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्चीत बसू लागला. ती आपल्याला चावते, असं म्हणायचा.

२

घट आले तेव्हा गल्लीत जत्राच झाली. ओरेत्ता एकेक घट काखेत मारून आणत होती आणि दुसऱ्या हातात फोन धरून कुणाशी तरी बोलत होती, इतके ते हलके. तांबूस भाजलेली माती, गोल पोट, वर एकाच ठेवणीची डोकी. मिटलेले ओठ, नुसते कोरलेले डोळे. दंड वेगळे घडवून खांद्याच्या भोकांत खुंटीने बसवलेले आणि हात पोटावर ठेवलेले. खुर्चीत बसवल्यावर ते मडकं वाटेना. वाट बघत बसलेलं माणूस वाटायला लागलं.

"माझी आईच गं ही!" एलिदे म्हणाली आणि घटाच्या पुढ्यात तुळशीसारख्या वासाच्या बेझिलची कुंडी ठेवून आली. प्रत्येकाला आपापलं माणूस दिसलं. फ्लोरेन्सहून पत्रकार आले, फोटो निघाले. ओरेत्ताला जर्मनीतल्या एका संग्रहालयाचं बोलावणं आलं. थंडीत सगळे घट तिकडे जाणार होते.

फिओरेल्ला आपल्या दारातला घट रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. चौथी-पाचवी सकाळ असेल, फडकं हातांवरून फिरवताना तिच्या बोटांना काहीतरी कमी लागलं. डाव्या हाताचा अंगठा. पहिल्या पेराशी संपलेला, टोकाला गोल.

ईवोचा डावा अंगठा तसाच होता. तरुणपणी ट्रॅक्टरच्या पट्ट्यात गेलेला.

ती फडकं घेऊन तशीच ओरेत्ताकडे गेली.

"भट्टीत टोक उडालं असणार," ओरेत्ता म्हणाली. "सॉरी हं, माझ्या लक्षातच आलं नाही. लावून देऊ का?"

"उडालेलं असतं तर धार असती. हे गोल आहे."

"मग घडवताना माझ्याच हातून राहिलं असेल. इतके हात केलेत, सिन्योरा, की आता मला माझी बोटंसुद्धा मोजता येत नाहीत."

दोघी हसल्या. परत येताना फिओरेल्लाने गल्लीतल्या सगळ्या घटांचे अंगठे पाहिले. बाकीचे सगळे पुरे होते. तरी तिने स्वतःला समजावलं. एवढ्या हातांत एखादा चुकायचाच. आणि ओरेत्ताने ईवोचा हात कधीतरी पाहिला असेल, तो डोक्यात राहिला असेल. कलाकारांचं तसंच असतं म्हणतात.

३

जुलैच्या दुपारी किउसीत कुत्रंही हलत नाही. जेवणं उरकली की खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढायच्या आणि काळोखात पडून राहायचं. फिओरेल्लाला या वेळी झोप येत नसे. ती पडल्या पडल्या गल्ली ऐकायची. कुणाचा पंखा करकरतो, कुणाचं मूल रडतं, कुणाच्या घरी भांडण दबक्या आवाजात चाललंय.

त्या दुपारी तिने एक नवाच आवाज ऐकला. मातीवर माती घासल्याचा. मिठाच्या बरणीचं झाकण नीट बसत नसलं की आपण ते जरा फिरवून बसवतो, तसा. एकदाच. मग थोड्या वेळाने पुन्हा.

'पोरं घटांशी खेळतायत,' तिला वाटलं. ती उठली, झडपेच्या फटीतून पाहिलं. गल्लीत पांढरं ऊन. घट आपापल्या खुर्च्यांत. पोर नाही, मांजर नाही.

मग रोजच तो आवाज येऊ लागला. तिने एलिदेला विचारलं.

"मला नाही बाई ऐकू येत. तुझे कान भिंतीतून जातात, आमचे नाही जात."

ईवो तोवर थोडा बदलला होता. आजारी म्हणावं असं काही नव्हतं. संध्याकाळी बाहेर बसायचा त्याला कंटाळा येऊ लागला. स्वयंपाकघरात टेबलाशी बसायचा, दोन्ही हात पोटावर ठेवून. ताटातला पास्ता निम्मा राहायचा. पत्ते खेळायला बोलावणं आलं तर म्हणायचा, "मी आहे इथेच." कुठे आहेस असं कुणी विचारलेलंच नसायचं. आणि त्याचा आवाज. त्याला सर्दी झालीय असं तिला आधी वाटलं. नंतर एकदा ती रिकाम्या पिंपात वाकून घासत असताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि तिचे हात थांबले. ईवोचा आवाज तसा येत होता.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती ऐकली. सगळं उत्तम आहे म्हणाले. वजन मात्र बरंच उतरलंय, पण उन्हाळ्यात उतरतंच.

"बघ," ईवो म्हणाला, "तुझ्या स्वयंपाकाचं डॉक्टरांनाही कळलं."

त्या संध्याकाळी घटाला हात लागला तेव्हा फिओरेल्लाला तो कोमट वाटला. भिंत दिवसभर तापलेली असते, ऊब राहणारच. दुसऱ्या दिवशी ती उजाडण्याआधी उठून गेली आणि हात लावून पाहिला. भिंत गार होती.

४

पाऊस पडून गेलेली ऑगस्टमधली एक दुपार. हवा जड होती. झडपा ओढलेल्या, आणि खोलीत एका फटीतून येणारी उजेडाची रेघ तेवढी. ईवो शेजारी पाठीवर झोपलेला. फिओरेल्लाने ठरवूनच खिडकी गच्च लावली होती, वर घोंगडी अडकवली होती. आवाज गल्लीतून येत असेल तर आज येणार नाही, नाहीतर अगदी बारीक येईल.

ती वाट बघत राहिली.

आवाज आला. बारीक नव्हता. जवळून आला, इतका जवळून की गादीतून तिच्या गालाला कंप जाणवला.

तिने श्वास रोखला. उंदीर. पलंगाचा पाया. भिंतीतला नळ. एकेक कारण ती मनात मांडत गेली आणि प्रत्येक कारणाला मनातच 'असेल' म्हणत गेली. मग ईवोने झोपेतच मान खिडकीकडून तिच्याकडे वळवली.

मातीवर माती घासली.

त्याचा चेहरा आता तिच्यासमोर होता. ओठ मिटलेले. श्वास चालू होता, शांत. उजेडाची रेघ बरोबर त्याच्या गळ्यावरून गेली होती, आणि शर्टाच्या कॉलरच्या वर, जिथे गळा संपून हनुवटी सुरू होते, तिथे तिला जे दिसलं ते सुरकुती असू शकतं, असं ती नंतर स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्या वयात गळ्याला सुरकुत्या असतातच. पण पूर्ण गोल फिरून मानेमागे जाणारी, आणि काठावर अशी झिजलेली?

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्या दुपारी तिला नवऱ्याला हात लावता आला नाही.

५

"ती माझ्या सासूची खुर्ची नाही," तिने तबेल्याच्या दारातच सांगितलं. आत यायची इतक्या महिन्यांची हौस, पण आज तिने इकडेतिकडे पाहिलंही नाही.

ओरेत्ता हात धुवत होती. "मग कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची. जिवंत माणसाची."

ओरेत्ताने नळ बंद केला. ती रागावली नाही. रागावली असती तर फिओरेल्लाला बरं वाटलं असतं.

"अंगठ्याचं तुम्ही म्हणालात तेव्हा मी माझे जुने फोटो काढून पाहिले," ती हळू म्हणाली. "तबेल्यात होता तेव्हा त्या घटाचा अंगठा पुरा होता. मी तुम्हाला सांगितलं नाही. काय सांगणार होते?"

"मला खुर्ची परत दे, पोरी. मडकं तू घेऊन जा, फोडून टाक, काहीही कर."

दोघी फिओरेल्लाच्या दारी आल्या. उतरत्या दुपारची वेळ होती. ईवो आत घेवडा शिजवत होता, त्याचा तो पिंपातला आवाज बाहेर येत होता. ओरेत्ताने घट दोन्ही हातांनी धरला आणि उचलला. तो हलला नाही. तिने पाय रोवून पुन्हा जोर लावला. तिची मान लाल झाली.

"मी हा काखेत घालून आणला होता," ती म्हणाली.

"कशाला तरी अडकलाय?"

"नाही. जड झालाय." तिने घाम पुसला. "डोकं आधी काढते. आत पाणी साचलं असेल, परवाच्या पावसाचं."

आतून ईवो ओरडला, "फिओरेल्ला, घेवड्यात अजून पाणी घालू का, की असाच..."

ओरेत्ताने घटाचं डोकं बोटभर उचललं.

आत चमचा फरशीवर पडला. नंतर काही नाही. भांड्याखालच्या आगीचा आवाज तेवढा. उचललेल्या फटीतून फिओरेल्लाच्या तोंडावर ऊब आली, आणि तिच्यासोबत वास आला. ग्रीस, घाम आणि दाढीनंतरचं ते स्वस्त पाणी. तिच्या उशीचा वास.

"ठेव," ती म्हणाली. "ठेव, ठेव, ठेव!"

डोकं घासून जागेवर बसलं.

"...आटू देऊ?" ईवो म्हणाला. "आणि हा चमचा कोणी टाकला? अगं, ऐकतेस का?"

"पाणी घाल," फिओरेल्ला म्हणाली. तिला तिचा आवाज ओळखू आला नाही. "थोडंच घाल."

ओरेत्ता भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आत पाणी नव्हतं."

"काय होतं?"

"मला विचारू नका, सिन्योरा."

फिओरेल्लाला जगातलं सगळं विचारायची सवय. पण हे तिने विचारलं नाही.

६

सप्टेंबर संपला, खुर्च्या आत गेल्या. बाकीचे घट पेंढ्यात बांधून जर्मनीला गेले. फिओरेल्लाच्या दारातला राहिला. एकदा तिने खुर्ची वीतभरच दाराकडे ओढून पाहिली होती. आत ईवो जिन्यावरून घसरला. पुन्हा तिने हात लावला नाही.

गल्लीने आधी थट्टा केली. "फिओरेल्लाला मातीची सवत मिळाली," एलिदे म्हणायची. मग थट्टा थांबली, कारण फिओरेल्ला दारातून हलेनाशी झाली. चेंडू खेळणाऱ्या पोरांना हाकलायची, मांजरांना दगड मारायची. कुणाकडे कोण आलं, कोण गेलं, याची तिला खबर नसायची. एलिदेचं दूध दोनदा उतू गेलं. एलिदेनेच मग रस्सा आणायला सुरुवात केली.

"अगं बाई, सांग तरी काय झालंय?"

"काही नाही. महाग वस्तू आहे, फुटली तर भरून कोण देणार?"

ओरेत्ता जायच्या आदल्या दिवशी येऊन बसली. घटाला तिने मेण चोळलं, दोनदा, तीनदा. हात थांबवून म्हणाली, "ही माती कमी भाजलेली आहे, सिन्योरा. उन्हाळ्यापुरती. ओल शिरते, ती गोठते, आणि मग..."

"मग काय करायचं?"

"आत न्यायचा."

"नेता येत नाही."

"माहीत आहे," ओरेत्ता म्हणाली आणि रडायला लागली. फिओरेल्लाने तिला जवळ घेतलं. वाईट त्या पोरीचंही वाटत होतं. तिने मागितली होती गेलेल्यांचीच खुर्ची.

फिओरेल्लाने घराच्या रजया काढल्या, लोकरीची पांघरुणं काढली. घटाला गुंडाळलं, वर मेणकापड बांधलं, खुर्चीखाली गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. आत ईवो शेगडीला चिकटून बसायचा. त्याला सारखी थंडी वाजायची.

"सगळी पांघरुणं त्या मडक्याला," तो म्हणायचा. "मला एवढं जपलं असतंस तर मी आमदार झालो असतो."

ती हसायची. तो थट्टा करतो तोवर ठीक आहे, असं तिने धरलं होतं. तो डोक्यावरून स्वेटर काढायला लागला की ती धावत येऊन म्हणायची, थांब, मी काढते.

डिसेंबरात रात्री आभाळ निरभ्र झालं. सकाळी नळाखालच्या बादलीत बर्फाचं ताट तयार होतं, छपरं पांढरी पडली होती. फिओरेल्ला चपला न घालताच बाहेर धावली. मेणकापडाची गाठ बोटांनी सुटेना, तिने दातांनी सोडवली. एकेक रजई काढली आणि घटावर तळवे फिरवले. पोट, पाठ, खांदे, तो अंगठा, गळ्याचा काठ. गाल टेकवून, श्वास सोडून, कुठे तड्याची रेघ ओली होतेय का ते पाहिलं.

कुठे काही नव्हतं. माती अखंड होती, कोरडी होती, आतून कोमटसुद्धा होती. तिने घटाच्या कपाळाचा मुका घेतला. अशी एक रात्र निभली तर दुसरी निभेल, दुसरी निभली तर वसंत. रजया पुन्हा नीट गुंडाळताना तिला किती दिवसांनी भूक लागली.

"अशी अनवाणी काय उभी आहेस?" मागून ईवो म्हणाला. कॉफीचा पेला घेऊन तो दारात आला होता. सकाळचं ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं आणि तो हसत होता. "नवऱ्याला सोडून मडक्याचे मुके. एलिदेने पाहिलं तर?"

ती वळली.

रेघ केसांतून आली होती. डाव्या कानापुढून, गालावरून, ओठाच्या कोपऱ्याला स्पर्श करून कॉलरमध्ये गेली होती. केसाइतकी बारीक. रक्त नव्हतं. त्याला ठाऊक नव्हतं.

"काय गं? असं काय बघतेस?"

"काही नाही."

त्याने पेला तोंडाला लावला आणि एक घोट घेतला. गालावर, त्या रेघेच्या मधोमध, कॉफीचा एक थेंब उमटला. थोडा थांबला, फुगला, आणि हळूहळू कॉलरकडे ओघळायला लागला.

फिओरेल्ला जवळ गेली. पदराला हात पुसावा तसा तिने ॲप्रनचा कोपरा धरला आणि थेंब टिपून घेतला, अगदी हलक्या हाताने.

"सावकाश पी," ती म्हणाली. "गरम आहे."